अवधाण

लहानपणी आमच्या गावात चपला घालायच्या त्या लग्नाला किंवा तालुक्याला जाताना. एरवी पाय उघडेच. त्यामुळे बाभळीचा काटा हे रोजचे होते. काटा सबंध निघाला तर ठीक. आत मोडून राहिला की दुसऱ्या दिवशी टाच ठणकू लागे, तिसऱ्या दिवशी पू धरे आणि त्याच सुमारास जांघेत सुपारीएवढी गाठ येई. चालताना टाचेपेक्षा तीच जास्त दुखे. या गाठीला आमच्याकडे अवधाण म्हणतात.

पहिल्यांदा अवधाण आले तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. काटा टाचेत आणि गाठ जांघेत, त्या अर्थी काटा अंगातून वर चढत चालला आहे अशी माझी खात्री झाली. उद्या तो पोटात जाईल आणि परवा काळजात, या भीतीने मी रडत आजीकडे गेलो. आजीने गाठ चाचपून पाहिली. तिच्या तोंडावर काळजीची रेषही उमटली नाही.

“भिऊ नगंस,” ती म्हणाली. “अंगाला कळलंय.”

मग तिने सुई दिव्यावर धरली, काटा कोरून काढला आणि वर हळद-तेलाची पट्टी बांधली. चार दिवसांत टाच भरून आली आणि अवधाण आपोआप उतरले. आजीचे ते शब्द मी विसरून गेलो. ते पुन्हा आठवायला वीस वर्षे लागली, आणि आठवले तेव्हा उशीर झालेला होता. तो उशीर माझा होता, म्हणून ही हकीकत मीच सांगायला हवी.

२००६ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवत होतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दिवसा मुलांना मराठी शिकवावे आणि रात्री जेवणखाण उरकल्यावर कादंबरीची दोन-चार पाने लिहावीत, असा माझा क्रम होता, अजूनही आहे. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माणसाला आपल्या शुद्धलेखनाचा भारी अभिमान असतो. तो मलाही होता. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की माझी लाल लेखणी आपसूक उचलली जाई.

सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याची हरकत नसेल; पण नाव छापले की माणसाची गोष्ट होऊन बसते, आणि तो तर चांगला चालताबोलता आहे. त्याचे घर वाडीवर, शाळेपासून दोन किलोमीटर. दोन खणांचे घर आणि आत नऊ माणसे. ते दोन किलोमीटर तो कधी चालत आला नाही. दप्तर पाठीशी घट्ट आवळायचा आणि पळत सुटायचा. प्रार्थनेच्या रांगेत उभा राही तेव्हा त्याला धापसुद्धा लागलेली नसे. तालुक्याच्या स्पर्धांची यादी करायला बसलो की आठशे मीटरपुढे त्याचे नाव न विचारता लिहिले जाई.

वहीत मात्र त्याची आणि माझी रोज लढाई. त्याच्या घरी सगळे ‘पानी’ म्हणायचे, ‘लोनी’ म्हणायचे. तेच वहीत उतरे. मी ‘न’भोवती वर्तुळ काढायचो, वर ‘ण’ लिहायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘पानी’.

त्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी हा मुलगा चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलापाशी आला. चिठ्ठी त्यानेच लिहिलेली, खाली वडिलांची वेडीवाकडी सही. ‘कालपासून घसा दुखतो व ताप आहे. गळ्याला अवधान आले आहे. तरी दोन दिवस सुट्टी मिळावी.’

मी लाल लेखणी उचलली. ‘अवधान’मधल्या ‘न’ला वर्तुळ काढले आणि वर ‘ण’ लिहिला. “अवधान म्हणजे लक्ष,” मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “आणि अवधाण म्हणजे गाठ. तुला वर्गात अवधान हवे, ते तू गळ्याला बांधून आलास!”

वर्ग हसला. तोही हसला. विनोद मला स्वतःलाच फार आवडला. गौरी-गणपतीचे दिवस, पोरगे सुट्टीला निमित्त शोधते आहे, असे मी धरून चाललो. “पावसाळ्यात घसा कोणाचा धरत नाही? बस खाली.” तो बसला. चिठ्ठी मी हजेरीपटात सरकवली.

त्या चिठ्ठीत एकच चूक होती आणि ती मी दुरुस्त केली. बाकी सारी चिठ्ठी खरी होती. तिच्याकडे माझे लक्ष गेले नाही.

चार-पाच दिवसांत त्याचा घसा आपोआप बरा झाला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या स्पर्धा आल्या. निघायच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, “सर, गुडघं दुखत्यात.” मी म्हणालो, “वाढीच्या कळा असतात या वयात. पळायला लागलास की मोकळे होतील.” तो पळाला. पहिला फेरा पुरा झाला तेव्हा तो पुढे होता. दुसऱ्या फेऱ्याच्या अर्ध्यावर थांबला आणि छातीला हात लावून मैदानातच बसला. मी धावत गेलो. गुडघे सुजलेले होते आणि हाताला तापलेल्या तव्यासारखे लागत होते.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. “काल गुडघं धरलं हुतं, आज ते उतरलं आन् घोटं धरलं. दुखणं हिंडतंय, गुर्जी, त्याच्या अंगातनं.”

त्या दिवशी प्रथमच मला भीती वाटली. आम्ही त्याला जिल्ह्याच्या गावी नेले. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काही न बोलता ऐकत राहिल्या. मग मला विचारले, “पंधरा-वीस दिवसांपूर्वी याचा घसा दुखत होता का?”

“हो.”

“ताप? गळ्याला गाठी?”

“होत्या.”

“त्या वेळी औषध काय दिलेत?”

मी गप्प राहिलो. त्यांना उत्तर कळले असावे, कारण तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

त्याला संधिज्वर झाला होता. इंग्रजीत त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. “जंतू बहुधा केव्हाच संपले,” बाई म्हणाल्या. “आता हे जे चालले आहे, ते जंतू करीत नाहीत. त्याचे अंगच करते आहे. पहारेकरी घरातल्याच माणसाला मारतो आहे असे समजा.”

तो तीन आठवडे दवाखान्यात होता. त्याच्या वडिलांना मजुरी बुडवून रोज येणे जमण्यासारखे नव्हते. शनिवार-रविवार मी जाऊन बसे. पहारेकरी घरच्या माणसाला का मारतो, हे मला कळून घ्यायचे होते. मी पुस्तके आणून वाचू लागलो. अडले की बाईंना विचारी. मी शास्त्राचा माणूस नव्हे, पण सांगणारीला कंटाळा नसला आणि ऐकणाऱ्याला गरज असली की पुष्कळ समजते.

शरीराचे पहिले संरक्षण साध्या भिंतींचे आहे. कातडी ही भिंत. नाक-घशातला चिकट शेंबूड ही दुसरी. त्यात जंतू अडकतात आणि बाहेर लोटले जातात. जठरातले आम्ल गिळलेल्या जंतूंना जाळते. डोळ्यांतल्या पाण्यातही जंतू फोडणारा एक पदार्थ असतो. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंगने त्याचा शोध जाहीर केला. पुढे १९२८ साली ज्याला पेनिसिलीन सापडले, तोच हा फ्लेमिंग. पण भिंत कितीही मजबूत असली तरी काटा तिला भोक पाडतोच.

काट्याने भोक पाडल्यावर काय होते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाने काटाच वापरला होता, हे वाचून मला माझी टाच आठवली. इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि तो एकटाच तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांकडे सूक्ष्मदर्शकातून पाहत बसला होता. त्यांच्या अंगात हिंडणाऱ्या पेशी बघता बघता त्याच्या मनात आले, या पेशी शरीराच्या राखणीसाठी तर नसतील? त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणले आणि त्या पिल्लांच्या कातडीखाली टोचून ठेवले. सकाळी पाहतो तो प्रत्येक काट्याभोवती त्या पेशींची गर्दी झालेली! परक्याला गिळून टाकणाऱ्या या पेशी आपल्यातही असतात. मेचनिकॉव्हला १९०८ साली पाउल अर्लिखच्या बरोबरीने नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या हाडांतली मज्जा अशा शिपाई पेशी दिवसाला सुमारे दहा हजार कोटी या हिशेबाने तयार करीत असते. त्यांचे आयुष्य फार थोडे. लहानपणी टाचेतला पू पाहून आम्हाला किळस येई. तो पू म्हणजे बराचसा या मेलेल्या शिपायांचा ढीग.

हे शिपाई शूर खरे, पण त्यांची नजर ढोबळ. जंतूंच्या अंगावर काही ठराविक खुणा असतात, तेवढ्या ते ओळखतात. नेमका कोण आला आहे, हे त्यांना सांगता येत नाही. ते काम दुसऱ्यांचे. जखमेपाशी फांद्याफांद्यांच्या आकाराच्या काही पेशी असतात. राल्फ स्टाइनमनने १९७३ साली त्यांचे वर्णन केले. त्या मेलेल्या जंतूचा तुकडा घेतात आणि निघतात. कातडीखालून झिरपणाऱ्या पाण्याला आपण लस म्हणतो, त्या लसीच्या बारीक पाटांतून वाहत त्या जवळच्या गाठीत पोहोचतात. अशा शेकडो गाठी अंगभर पेरलेल्या आहेत. पायाच्या जांघेत, हाताच्या काखेत, घशाच्या जबड्याखाली. या गाठीत आणखी वेगळ्या पेशी वाट पाहत असतात. त्यांतली प्रत्येक फक्त एकच चेहरा ओळखते. निरोप्या पेशी आणलेला तुकडा एकीला दाखवते, दुसरीला दाखवते, हजारोंना दाखवत फिरते. बहुतेक जणी मान फिरवतात. मग एखादी थांबते. तिला तो चेहरा ओळखीचा असतो. त्याबरोबर ती एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी वाढू लागते, आणि चार-सहा दिवसांत तिची हजारोंची फौज होते. काही पेशी जंतूला चिकटणारी प्रतिपिंडे तयार करतात, काही स्वतः मारायला निघतात. त्या गर्दीने गाठ फुगते.

अवधाण म्हणजे हे. आजीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. अंगाला कळलेले असते. आणि त्या मुलाच्या जबड्याखालची गाठ म्हणजे त्याच्या अंगाने त्या जंतूकडे दिलेले लक्षच होते. त्याने लिहिलेला ‘न’ तसा अगदीच चुकलेला नव्हता.

“आता तुमच्या धंद्यातली गोष्ट सांगते,” एकदा बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला शरीरातल्या शाळेची माहिती दिली. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या थोडी वर, थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती भरलेली असते आणि वय वाढेल तशी आकसत जाते. तिचे काम काय, हे फार काळ कोणालाच ठाऊक नव्हते. १९६१ साली जाक मिलर या तरुण संशोधकाने लंडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिल्ले काही दिवस बरी दिसली आणि मग रोगांनी खंगू लागली. दुसऱ्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली तर तीही त्यांना परकी वाटेना. आपले काय आणि परके काय, हे शिकवणारी शाळाच त्यांच्या अंगातून गेली होती.

मज्जेतून कोवळ्या पेशी या शाळेत येतात. चिठ्ठ्या टाकून वाटावे तसे प्रत्येकीच्या वाट्याला एकेक चेहरा ओळखण्याचे काम येते. तो चेहरा जंतूचा निघेल, आपल्याच यकृताचा निघेल, किंवा जगात कुठेच नसलेलाही निघेल. म्हणून परीक्षा घ्यावी लागते. पहिल्या परीक्षेत त्या पेशीला आपल्या शरीराची ओळखपत्रे वाचता येतात की नाही ते बघतात. ज्यांना वाचता येत नाहीत त्या मरतात. दुसऱ्या परीक्षेत तिला साऱ्या अंगाची वानगी दाखवतात. स्वादुपिंडात तयार होणारे इन्शुलिन, पण त्याचाही नमुना या शाळेत ठेवलेला असतो! त्यातल्या कशावर जी पेशी त्वेषाने तुटून पडेल, तिला बहुधा तिथेच संपवतात. शंभरांतल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात.

“एवढा कडक निकाल आमच्या शाळेने लावला तर गावकरी कुलूप ठोकतील,” मी म्हणालो.

“तुमचा नापास झालेला मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा बसतो,” बाई म्हणाल्या. “इथे पास झालेला चुकला, तर काय होते ते तुम्ही पाहताच आहात.”

त्या मुलाचा घसा धरणाऱ्या जंतूचे नाव स्ट्रेप्टोकोकस. मण्यांच्या माळेसारखी त्याची साखळी असते. त्याच्या अंगावर प्रथिनांचे केसासारखे तंतू असतात, आणि त्या तंतूंची घडण काही ठिकाणी माणसाच्या हृदयातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असते. आपल्या अंगाशी अगदी पुसट ओळख दाखवणाऱ्या पेशींना शाळेच्या परीक्षेत सोडून दिलेले असते, कारण तेवढ्याशा ओळखीवर त्या कधी हात उचलत नाहीत. पण घशातल्या जंतूने त्यांना एकदा चेतवले आणि त्यांची फौज झाली, म्हणजे त्या पुसट साम्यावरही त्या चालून जातात. प्रतिपिंडांचेही तसेच. फौज उभी राहायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर घसा बरा झालेला असतो. म्हणून मुलाच्या आईबापांना, आणि त्याच्या गुरुजींना, त्या घशाचा आणि या गुडघ्यांचा काही संबंध आहे असे वाटतच नाही.

घसा धरलेल्या सगळ्याच मुलांना हे होत नाही. पावसाळ्यातले बहुतेक घसे साध्या विषाणूंनी धरतात आणि औषधावाचून बरे होतात. या जंतूने धरलेल्यांतही फार थोड्यांच्या वाट्याला हे दुखणे येते. पण येते ते बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना, आणि दाटीवाटीने राहणाऱ्या घरांतल्या. दुखणे एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात हिंडते, जसे त्याच्या आईने मला सांगितले होते. सांधे पुढे पूर्ववत होतात. हृदय होतेच असे नाही. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये दोन पाकळ्यांची एक झडप असते. दिवसातून लाख वेळा ती उघडते आणि मिटते. तिच्यावर घाव बसले की ते वणांसारखे भरतात. पाकळ्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात. बाईंनी नळीतून ऐकला होता तो त्या झडपेतून उलट गळणाऱ्या रक्ताचा आवाज.

एक गोष्ट त्यांनी मी विचारली म्हणून सांगितली; नाहीतर सांगितली नसती. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झाले, तर हे सारे सहसा टळते.

घरी आल्यावर मी हजेरीपटातून ती चिठ्ठी काढली. घसा दुखू लागला २७ ऑगस्टला. त्यात नऊ मिळवले की ५ सप्टेंबर येतो. शिक्षकदिन. त्या दिवशी त्या मुलाने मला जास्वंदीचे फूल आणून दिले होते.

मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतली संकटे तोवर बाहेरून येत असत. सावकार येई, दुष्काळ येई, शहरातून कोणी लबाड माणूस येई. राखणदाराच्या हातूनच, त्याच्या मनात काही वाईट नसताना, घरातले माणूस जखमी व्हावे, असे मी कधी लिहिले नव्हते. ते आपल्या छातीत घडू शकते, हे मला माहीत नव्हते. आपल्या वर्गात घडू शकते, हेही नव्हते. त्या पेशींना निदान चेहऱ्यांच्या साम्याचे निमित्त होते. माझ्यापुढे तर स्वच्छ अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी होती.

तो बरा होऊन शाळेत आला, पण दुखणे संपले नव्हते. अंगाला आठवण असते, आणि ती फार पक्की असते. उत्तर अटलांटिक समुद्रात फेरो नावाची बेटे आहेत. तिथे १७८१ साली गोवर येऊन गेला आणि नंतर पासष्ट वर्षे फिरकला नाही. १८४६ साली तो जहाजातून पुन्हा आला. सुमारे पावणेआठ हजार वस्तीपैकी सहा हजार लोक आजारी पडले. पीटर पानुम हा डेन्मार्कचा तरुण डॉक्टर तिथे गेला, तेव्हा त्याला असे दिसले की, १७८१ मध्ये ज्यांना लहानपणी गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाच तो या खेपेस झाला नाही. पासष्ट वर्षांत ती माणसे आपले बालपणही विसरली असतील. अंग विसरले नव्हते. एकदा ओळखलेल्या शत्रूसाठी काही पेशी वर्षानुवर्षे जाग्या राहतात आणि तो पुन्हा आला तर लगेच उठतात. आपण लस टोचून घेतो ती याच आठवणीच्या भरवशावर.

जी आठवण त्या बेटांवरच्या म्हाताऱ्यांना वाचवून गेली, तीच या मुलाला धोक्याची होती. त्याच्या अंगाने चुकीचा धडा पाठ केला होता. पुन्हा तो जंतू घशात आला की पुन्हा तीच फौज उठणार, पुन्हा त्याच झडपेवर चालून जाणार. पाठ केलेला धडा पुसण्याचे औषध नाही. तो आठवायचे कारणच घडू द्यायचे नाही, एवढाच उपाय. म्हणून दर एकवीस दिवसांनी बारा लाख युनिट पेनिसिलीनची सुई. पांढरे, दाट औषध. ते कमरेच्या स्नायूत साचून राहते आणि तीन आठवडे झिरपत राहते. फार दुखते ते. पहिल्या वर्षी मी त्याला स्वतः नेत असे. परत येताना मोटारसायकलवर तो एका बाजूला कलून बसे. तारीख चुकू नये म्हणून हजेरीपटाच्या मागच्या पानावर मी एकवीस-एकवीस दिवसांची उतरंड मांडली होती. ते पान अजून माझ्यापाशी आहे; पुढची पाने जोडत जोडत त्याची वहीच झाली आहे.

पुढे तो पळाला नाही. शाळेत चालत येऊ लागला. चोविसाव्या वर्षी झडप फारच अरुंद झाली, तेव्हा डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून फुगा घालून ती रुंद केली. आता तिशी ओलांडून गेला आहे. तालुक्याच्या गावी त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. सुया सव्वातीनशेच्या आसपास झाल्या. चाळिशीपर्यंत तरी चालू ठेवायला सांगितल्या आहेत. दिवाळीला फराळाला येतो. चिवड्याची बशी हातात घेऊन म्हणतो, “सर, परवा एकवीस.” मी म्हणतो, “माहीत आहे.”

एका दिवाळीत त्याने मला विचारले, “सर, तुम्ही तवा सुट्टी दिली असती तर मी बरा राहिलो असतो का?”

हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, की उत्तर तयार होते. “सुट्टीने काही झाले नसते. औषधाने झाले असते.”

“मग झालं तर,” तो म्हणाला. “बानं काय मला दवाखान्यात नेलं नसतं. घसाच तर दुखत हुता. घरात झोपून ऱ्हायलो असतो.”

तो मला सोडवू पाहत होता, हे माझ्या लक्षात आले. त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. पण त्याच्या बापाला लिहिता-वाचता येत नव्हते. सही तेवढी शिकला होता. वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात ती चिठ्ठी आली होती, आणि तो माणूस मी होतो. एवढे मी त्याला बोललो नाही. त्याच्या बशीत आणखी एक चकली घातली.

गेल्या पावसाळ्यात सहावीतल्या एका मुलीने माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. घसा दुखतो, गळ्याला अवधान आले आहे. मी खुर्चीवरून उठलो. तिच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना बोटे लावून पाहिली. गाठी होत्या. वर्गावर दुसऱ्या बाईंना बसवून मी मुलीला आरोग्यकेंद्रात घेऊन गेलो. डॉक्टर नवीन होते, तरुण. त्यांनी तिचा घसा पाहिला, नाक वाहते आहे, खोकला आहे हे पाहिले आणि सांगितले, “साधी सर्दी आहे, सर. पेनिसिलीनची काही गरज नाही. एवढ्यासाठी तुम्ही स्वतः कशाला आलात?”

मी काही बोललो नाही. चार दिवसांत ती मुलगी बरी झाली आणि गाठी उतरल्या. माझी खेप फुकट गेली याचा मला मनापासून आनंद झाला.

तिची चिठ्ठी मी त्या जुन्या चिठ्ठीशेजारी ठेवून दिली आहे. ‘न’ तसाच राहिला आहे.